बंद करायची ती चालू, चालू ठेवायची ती बंद: मामांच्या बायपासनंतरच्या गोळ्यांची केस

पेशंट म्हणजे माझे सख्खे मामा. वय ६६, तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग, बीपी दहाबारा वर्षांपासून, शुगर नाही, तंबाखू सोडून आठ वर्षं झाली (मामींच्या हिशोबानं सहा). नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिवाळी झाल्या झाल्या पुण्यात बायपास झाली, तीन ग्राफ्ट. आणि लिहिणारा मी फार्मासिस्ट, गावात आमचं मेडिकल आहे, म्हणजे या केसमधल्या जवळपास सगळ्या गोळ्या माझ्याच काउंटरवरून गेल्यात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना 'मग हा फार्मासिस्ट काय करत होता' असं वाटणारच. बिलं फाडत होता.

ऑपरेशन एकदम व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी नळ्या काढल्या, खुर्चीत बसवलं, मामांनी चहा मागितला, आम्ही सगळे खूश. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला आयसीयूतून निरोप आला की ठोके बिघडलेत. मामींना वाटलं परत अटॅक आला, त्या बाकावरच बसल्या. आत जाऊन बघतो तर मामा शुद्धीत, घामेजलेले, छातीवरची उशी घट्ट धरलेली, आणि मॉनिटरवर आकडा १३८, १५२, १२९, १४६ असा नुसता उड्या मारतोय, एकदाही सरळ नाही. एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात आणि खालच्यांना वाट्टेल तेव्हा ठोका पाठवतात.

तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरनं मात्र घाबरवलं नाही, उलट बायपास झालेल्यांत साधारण तिघातल्या एकाला हे होतं असं शांतपणे सांगितलं. ते खरं आहे. व्हॉल्व्हचं ऑपरेशन असेल तर प्रमाण आणखी जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात जोर असतो, कारण हृदयाला हात लागलेला असतो, भोवतीचं आवरण सुजलेलं असतं, शरीरात ॲड्रेनालिन उसळलेलं असतं, पोटॅशियम मॅग्नेशियम वरखाली झालेलं असतं, आणि वय साठीच्या पुढं असलं की वरचे कप्पे आधीच थोडे ताठरलेले असतात. महत्त्वाची गोष्ट अशी की ही गडबड बहुतेकांची तात्पुरती असते, सूज उतरते तशी दीडदोन महिन्यांत तीही जाते. हे वाक्य तेव्हा मी ऐकलं, मान डोलावली आणि विसरून गेलो. सगळी केस या विसरण्याची आहे.

त्या रात्री अमिओडॅरॉन सुरू केलं, म्हणजे ठोक्यांचा ताल परत आणायचं औषध. आधी १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत, मग सहा तास मिनिटाला एक मिलिग्रॅम, मग अठरा तास मिनिटाला अर्धा. नेहमीचीच पद्धत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठोके लाईनवर आले, रात्री परत तासभर बिघडले, परत आले. मग गोळ्यांवर टाकलं, २०० ची गोळी आठवडाभर दिवसातून तीनदा, पुढचा आठवडा दोनदा, नंतर रोज एक. सोबत नाडीचा वेग आणि बीपी आवरणारी मेटोप्रोलॉल २५ सकाळ संध्याकाळ, ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची, बीपीची, लघवीची, ॲसिडिटीची, आणि वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची ॲसिनोकुमॅरॉल २ मिलिग्रॅम, रोज संध्याकाळी सहाला.

आता डिस्चार्ज कार्ड. ते अजून माझ्याकडे आहे, चहाचा डाग पडलेलं. लघवीच्या गोळीपुढं लिहिलंय १० दिवस. ॲसिडिटीच्या गोळीपुढं १ महिना. अमिओडॅरॉनपुढं १-०-१, मग तारीख टाकून १-०-०, आणि त्यापुढं 'टू कंटिन्यू'. बस. किती दिवस ते नाही, कशासाठी ते नाही. मामा शिस्तीचा माणूस, लघवीची गोळी बरोब्बर दहाव्या दिवशी बंद केली, ॲसिडिटीची तिसाव्या दिवशी. म्हणजे ज्या गोळीपुढं तारीख होती ती वेळेवर बंद झाली, जिच्यापुढं नव्हती ती पुढचे दहा महिने चालली. मी त्या सर्जनना दोष देत नाहीये, त्यांच्या डोक्यात सहा ते बारा आठवडे हा हिशोब पक्का असणार, फक्त तो कागदावर उतरला नाही.

पहिला दणका पाचव्या आठवड्यात. सकाळी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना आणि दंडावर बशीएवढा काळानिळा डाग, मामांना कुठं आपटल्याचंही आठवत नव्हतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, काढला तर ६.१. हवा होता दोन ते तीनच्या मध्ये. डिस्चार्जला २.१ होता, आठवड्यानं २.४ होता, मग 'आता महिन्यानं करा' असं सांगितलेलं. घरात लगेच पंचायत बसली, मामींनी कबूल केलं की कुणीतरी पालेभाजी खाऊ नका म्हणालं म्हणून तीन आठवडे मेथी, पालक काहीच केलं नाही, मग सगळं खापर मेथीवर फुटलं. मेथी सोडल्यानं आयएनआर थोडा वाढतो हे खरं, पण दोनाचा सहा मेथीमुळं होत नाही. अमिओडॅरॉन यकृतातल्या ज्या यंत्रणेतून रक्त पातळ करायची गोळी शरीराबाहेर जाते तीच दाबून टाकतं, आणि हे एका दिवसात होत नाही, आठवड्या आठवड्यानं चढत जातं. म्हणून तर वॉरफरिनवाल्या (ॲसिनोकुमॅरॉलच्याच जातीची गोळी) पेशंटला हे चालू करताना डोस तिसऱ्या हिश्श्यानं, कधी निम्म्यानं कमी करायला सांगतात. पहिल्या आठवड्यातला २.४ हा खरा आकडाच नव्हता, गाडी अजून चढावर होती. दोन दिवस गोळी बंद, मग १ मिलिग्रॅमवर आणली, आयएनआर २.२ ला बसला. सगळे निवांत झाले. मी तर डी फार्मला हे इंटरॅक्शन पाठ करून परीक्षेत लिहिलेलं आहे. पण घरातलं माणूस असलं की आपण पेशंट बघतच नाही, मामा बघतो.

सहा आठवड्यांनी पुण्याला दाखवायला गेलो. सर्जन ऑपरेशनमध्ये अडकलेले, एका तरुण डॉक्टरनं छातीचं हाड दाबून बघितलं, पायाची जखम बघितली, इको चांगला, ईसीजी नॉर्मल, आणि कार्डवर लिहिलं सीएसटी. मुंबईचं स्टेशन नव्हे, 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट'. आपल्याकडं अर्धी औषधं या तीन अक्षरांवर जगतात. ठोके बिघडलेले होते, ते आता सहा आठवडे नीट आहेत, मग ही गोळी कधी थांबवायची हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा होता, आणि तो त्या खोलीतल्या चौघांपैकी कुणीच विचारला नाही. तालुक्याला एमडी डॉक्टरांकडं गेलो तेव्हा ते म्हणाले ऑपरेशनवाल्यांनी चालू केलीय, आपण कशाला हात लावा. तेही एका अर्थी बरोबरच आहेत, दुसऱ्यानं लावलेलं कुलूप कोण उघडणार.

आता इथं जरा त्या गोळीबद्दल. अमिओडॅरॉन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये बनलं आणि ठोक्यांसाठी नव्हे, छातीत दुखण्यासाठी. भूमध्य समुद्राकडच्या एका रानटी बडीशेपेसारख्या झाडातून खेलिन नावाचं द्रव्य मिळायचं, त्यावरून पुढं रचत नेलेला रेणू. ठोक्यांवरचा त्याचा गुण नंतर लक्षात आला, ऑक्सफर्डला ब्रह्मा सिंग यांचं काम १९७० मधलं, मग अर्जेंटिनात मॉरिसिओ रोझेनबॉम यांनी ते जोरात वापरलं. अमेरिकेत १९८५ ला मंजुरी मिळाली ती सुद्धा फक्त खालच्या कप्प्यांच्या जिवावर बेतणाऱ्या गडबडीसाठी. एट्रियल फिब्रिलेशनसाठी ते जगभर सर्रास देतात, पण तिथल्या मंजुरीच्या कागदावर तो उपयोग नाही. मग देतात का? कारण दुसरे पर्याय आजारी हृदयाला झेपत नाहीत. १९८० च्या दशकात कॅस्ट नावाच्या मोठ्या चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना फ्लेकेनाइड, एन्केनाइड देऊन बघितलं, जादाचे ठोके छान दबले आणि मृत्यू मात्र वाढले, नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त. १९८९ मध्ये ते औषधांचे गट थांबवावे लागले. तेव्हापासून रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या हृदयाला अमिओडॅरॉन हा हाताशी असलेला मुख्य उपाय. म्हणजे त्या रात्री ते दिलं ते बरोबरच दिलं, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.

जानेवारीच्या शेवटी दुसरा दणका, आणि हा मामांनी स्वतः ओढवून घेतलेला. बागेत माल तयार, व्यापारी दारात, आणि मामांना बांधापर्यंत चालवेना. 'ती बीपीची बारकी गोळी घेतली की हातापायातलं बळच जातंय बघ', असं मला फोनवर म्हणालेले, मी म्हटलं बघू, आणि बघायचं राहिलं. शेजारच्या बागवाल्यानं सांगितलं की माझ्या भावानं ती सोडली तर तो पळायला लागला. मामांनी मेटोप्रोलॉल बंद केली. कुणाला सांगितलं नाही, मामींनासुद्धा नाही, रोज गोळी काढून बागेत टाकायचे. चौथ्या दिवशी रात्री अकराला फोन, छाती धडधडतेय, जबडा आवळल्यासारखं वाटतंय, हाताला कंप. सांगलीला नेलं. पल्स ११२, बीपी १७० वर १००. ईसीजीत ठोके वेगात पण ताल बरोबर, एट्रियल फिब्रिलेशन नाही, ट्रोपोनिन (अटॅक ओळखायची रक्ततपासणी) दोनदा केलं, दोन्ही वेळा नॉर्मल. नशीब.

तिथल्या डॉक्टरनं हळूच विचारलं, काका, कुठली गोळी सोडली का? मामा छताकडं बघायला लागले.

मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी, आणि बीटा ब्लॉकर असा एकदम सोडायचा नसतो. महिनोन्महिने ॲड्रेनालिनला दार बंद ठेवलेलं असतं, तेव्हा शरीर आणखी दारं तयार करून ठेवतं, आणि तुम्ही कुलूप काढलं की सगळीकडून एकदम आत घुसतं. कासरा ताणून धरलेला असताना झटक्यात सोडला तर बैल जसा उधळतो तसं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्याला यात छातीत कळ, अगदी अटॅकसुद्धा येऊ शकतो, म्हणून थांबवायचाच झाला तर आठवडा दोन आठवडे घेऊन डोस उतरवतात, आणि बायपासवाल्याला तर सहसा थांबवतच नाहीत. मामांना निम्म्या डोसवर परत चालू केली. पण त्या रात्री ॲडमिशनच्या कागदावर एक ओळ होती, 'गेले महिनाभर घरी नाडी ४८ ते ५०', आणि तिच्याकडं कुणी बघितलं नाही, मी पण नाही. नाडी ४८ एकट्या मेटोप्रोलॉलमुळं नव्हती. अमिओडॅरॉन पण नाडी मंद करतं. दोन ब्रेक एकदम दाबलेले होते, अशक्तपणा खरा होता, तक्रार खरी होती, मामांनी फक्त चुकीचा ब्रेक सोडला.

त्यानंतर मामा इतके घाबरले की कुठलीच गोळी चुकवेनात. एप्रिलमध्ये खरडछाटीच्या वेळी तोंड आणि मनगटाच्या वरचा भाग लाल होऊन सोलला, उन्हानं. आयुष्य उन्हात काढलेला माणूस, त्याला उन्हानं सोलतं म्हणजे काय? मी कॅलमाइन दिलं. माझ्याच दुकानातल्या गोळीच्या माहितीपत्रकात ऊन टाळा असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कॅलमाइन दिलं आणि त्याच पिशवीत अमिओडॅरॉनच्या तीन स्ट्रिपा घातल्या.

जूनपासून मामा मंद होत गेले. मला दुसरा शब्द सुचत नाही. दुपारी झोपायचे, संध्याकाळी झोपायचे, पावसात सगळे उघडे फिरताना हे स्वेटर घालून. बद्धकोष्ठ. चेहरा भरल्यासारखा, पाहुणे म्हणायचे तब्येत सुधारली. आवाज घोगरा. सगळ्यांचं एकच, बायपास झाल्यावर माणूस पहिल्यासारखा राहत नाही. हे वाक्य फार वाईट आहे, त्याच्याखाली काहीही लपतं. ऑगस्टमध्ये आयएनआर १.६ वर उतरला, डोस १.५ केला, का उतरला हे विचारलं नाही.

सप्टेंबर २०२३, गणपती. आरतीला मामा नेहमी पुढं, 'घालीन लोटांगण' ला आवाज सगळ्यात वरचा. त्या दिवशी खुर्चीत बसून टाळ वाजवत होते, तेही आरती संपल्यावर दोन ठोके उशिरा थांबले. आणि 'लोटांगण' मध्ये जो आवाज आला तो बेडकासारखा, जाड, ओढलेला. मी त्यांच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा, खरं सांगतो, पहिल्यांदा पेशंट दिसला. मामींना म्हटलं सगळ्या गोळ्या आणा. जुन्या साडीच्या कापडाची पिशवी, तीन कप्पे शिवलेले, सकाळ दुपार रात्र. ओट्यावर एकेक स्ट्रिप मांडली आणि एकेकीला विचारत गेलो, ही कशासाठी, कुणी चालू केली, कुठवर. पाचव्या स्ट्रिपवर अडकलो.

मग ओट्यावरच हिशोब मांडला. अमिओडॅरॉनच्या रेणूत वजनाच्या ३७ टक्के आयोडीन असतं, म्हणजे २०० च्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम. त्यातलं रोज सहाएक मिलिग्रॅम मोकळं होऊन रक्तात फिरतं. माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम. चाळीस पट. आपल्या आयोडीनच्या मिठात घरापर्यंत पोचताना निदान १५ पीपीएम, म्हणजे किलोला १५ मिलिग्रॅम, आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे दहा ग्रॅम मिठात दिवसाची गरज भागते. त्या हिशोबानं मामा रोज सकाळी चहाबरोबर चारशे ग्रॅम मिठातलं आयोडीन गिळत होते, तीनशेहून जास्त दिवस. एवढा मारा झाला की काहींचं थायरॉइड कामच थांबवतं. काहींचं उलट भडकतं, ते तर जास्त वाईट, कारण त्यात हृदय परत सैरावैरा धावायला लागतं. म्हणून ही गोळी चालू करताना टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, आकडा चढला म्हणजे थायरॉइड मंद), यकृताच्या टेस्ट आणि छातीचा एक्सरे काढून ठेवायचा आणि टीएसएच, यकृत दर सहा महिन्यांनी बघायचं असतं. मामांचा टीएसएच एकदाही काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काढला. ५२. नॉर्मल साधारण चार-साडेचारपर्यंत.

सांगलीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडं गेलो, या वेळी मी एका पानावर सगळं तारीखवार लिहून नेलं. त्यांनी पान वाचलं, ईसीजी बघितला, नाडी ५०, क्यूटी (ठोक्यानंतर हृदय परत तयार व्हायला लागणारा वेळ) लांबलेला, आणि मला विचारलं, 'ही गोळी अजून का चालूये?' मी म्हटलं सर तेच विचारायला आलोय. ते हसले नाहीत. म्हणाले ऑपरेशननंतरच्या एएफला दीडदोन महिने, फार तर तीन, त्यापुढं ठेवायला कारण लागतं आणि मला या पानावर कारण दिसत नाही. मला नंतर वाचताना एक चाचणी सापडली, २०१६ सालची, अमेरिका कॅनडामधली. ऑपरेशननंतर एएफ झालेल्या ५२३ जणांपैकी निम्म्यांना नुसता नाडीचा वेग आवरायची औषधं दिली, निम्म्यांना ताल आणायला अमिओडॅरॉन. साठ दिवसांनी दोन्ही गटांत नव्वद टक्क्यांच्या वर लोकांचा ताल नीट होता. म्हणजे नुसता वेग आवरून ठेवला असता तरी बहुतेक तेच झालं असतं. मामांना त्या रात्री बीपी घसरायला लागलं होतं म्हणून अमिओडॅरॉन, ठीक, पण दहा महिने?

गोळी त्याच दिवशी बंद केली. कमी कमी करत नाही, एकदम. मामा म्हणाले, 'आवो डॉक्टर, मागं एक सोडली तर मरता मरता वाचलो, आन तुम्ही एकदम म्हणताय?' रास्त प्रश्न. डॉक्टरांनी समजावलं ते मला आवडलं, म्हणाले ती दुसरी गोळी पाहुण्यासारखी होती, सकाळी आली संध्याकाळी गेली, म्हणून ती सोडली की लगेच जागा रिकामी. ही भाडेकरू आहे. नोटीस दिली तरी सहा महिने घर सोडत नाही. आणि हे शब्दशः खरं आहे, अमिओडॅरॉन चरबीत, यकृतात, फुप्फुसात मुरतं आणि शरीरातलं निम्मं जायला सरासरी ५८ दिवस लागतात, कुणाला पंधरा, कुणाला एकशे चाळीस. स्वतःच स्वतःला उतरवतं, आपण उतरवायची गरज नाही.

बाकीच्या तपासण्या केल्या. यकृत ठीक. छातीचा एक्सरे ऑपरेशनआधीच्याशी ताडून बघितला, फुंकायची टेस्ट केली, फुप्फुसं स्वच्छ, याची मला सगळ्यात जास्त भीती होती कारण फुप्फुसाला सूज आली तर ती जिवावर बेतते आणि सुरुवात साध्या कोरड्या खोकल्यानं होते. डोळ्याच्या डॉक्टरनं बुबुळावर बारीक पिवळसर रेघा दाखवल्या, मांजराच्या मिशांसारख्या पसरलेल्या, म्हणाले दिसायला काही अडचण नाही, जातील. थायरॉक्सिन २५ नं सुरू केलं, हृदयाच्या पेशंटला एकदम जास्त देत नाहीत, मग ५०. मेटोप्रोलॉल तशीच चालू, ती हलवायची नाही.

आणि आता सगळ्यात किचकट भाग, जो मला वाटतं बऱ्याच घरांत निसटतो. गोळी बंद केली म्हणजे विषय संपला असं वाटतं, पण भाडेकरू निघताना त्याच्या मागं सगळं घर हलतं. अमिओडॅरॉन उतरत गेलं तसा आयएनआर खाली यायला बघणार. पण त्याच वेळी थायरॉइड सुधारत गेलं तसा तो वर जायला बघणार, कारण थायरॉइड मंद असताना रक्त गोठवणारे घटक शरीरात जास्त टिकतात (ऑगस्टमधला १.६ त्यामुळंच, आता कळतंय) आणि थायरॉक्सिननं ते परत भराभर संपायला लागतात. एक दोरी खाली, एक वर. मी वहीत दोन रकाने केले आणि दर पंधरा दिवसांनी आयएनआर करायचा असं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये १.९, मग ३.४, डोस परत १ वर, नोव्हेंबरअखेर २.५, डिसेंबरात १.७, डोस दीड, जानेवारीत परत १.४, आणि फेब्रुवारी २०२४ ला २ मिलिग्रॅमवर २.३. दोन मिलिग्रॅम, म्हणजे डिस्चार्ज कार्डवरचाच डोस, फिरून तिथंच आलो. हे सगळं महिन्याला एकदा बघितलं असतं तर ३.४ आणि १.४ दोन्ही हुकले असते.

होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सलग ईसीजी घेणारं यंत्र, दोनदा लावला. पहिला नोव्हेंबरात, चोवीस तास, एकदम सुरळीत, मामांनी पेढे आणले. डॉक्टर म्हणाले पेढे ठेवा, याच्यावर जाऊ नका, अजून निम्मं औषध अंगात आहे, आता ठोके नीट असणारच. खरी परीक्षा मार्चमध्ये, सहा महिन्यांनी, तीन दिवसांचा होल्टर, छातीला वायरी आणि मामा बागेत माल उतरवायला उभे, कारण सीझन. थोडे जादाचे ठोके, एएफ शून्य.

मग रक्त पातळ करायच्या गोळीचं काय, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं आली आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. गाइडलाइन साठेक दिवस द्या आणि मग परत विचार करा असं म्हणते, पण परत विचार करताना उत्तर एकच येईल असं नाही. एएफमध्ये गुठळीचा धोका गुण मोजून ठरवतात, मामांचं वय पासष्टच्या वर म्हणून एक गुण, बीपीचा एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराचा एक, तीन झाले, नेहमीच्या एएफमध्ये तीनला ही गोळी कायमची लागते. पण यांचा एएफ फक्त ऑपरेशननंतर आयसीयूतल्या त्या दोन दिवसांपुरता, नंतर दीड वर्षात सापडला नाही, आणि सोबत ॲस्पिरिन असल्यानं रक्तस्रावाचा धोका आहेच, सहाचा आयएनआर घरानं बघितलाय. पुण्याच्या डॉक्टरांनी थांबवा म्हटलं, सांगलीचे म्हणाले मी अजून थोडं ठेवलं असतं पण थांबवली तरी मी भांडणार नाही, फक्त नाडी बघायची. थांबवली. माझं मन अजूनही दर महिन्याला एकदा डळमळतं.

नाडी बघायला मामांना मी शिकवलं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण आपल्याला आकडा नकोय, ताल हवाय. लेझीमसारखा आला तर ठीक, पावसाच्या थेंबांसारखा कसाही टपटपला तर मला फोन, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

थायरॉक्सिन मे २०२४ मध्ये बंद करून बघितलं, जुलैत टीएसएच ४.१, परत लागलं नाही. डोळ्याच्या रेघा गेल्या. कातडी अजून उन्हाला थोडी हळवी आहे, मामा आता टोपीवर उपरणं घेतात.

आमच्या दुकानात मी आता एक करतो. अमिओडॅरॉनची स्ट्रिप मागायला कुणी आलं की पहिला प्रश्न, किती महिने झाले आणि टीएसएच कधी केला? गोळी देतोच, मी बंद करणारा कोण, आणि मामांच्या बारक्या गोळीनंतर कुणाला आपल्या मनानं काही बंद करा म्हणायची माझी हिंमतही नाही, पण एका कागदावर 'ही गोळी कुठवर?' एवढंच लिहून स्ट्रिपेला रबर लावून देतो आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांपुढं ठेवायला सांगतो. दोघंजण चिडलेत आत्तापर्यंत. एका बाईंचा मुलगा परत येऊन म्हणाला, डॉक्टर म्हणाले हिला कायम लागणार, हिचं कारण वेगळं आहे, कार्डवर लिहून दिलंय. बरं झालं. लिहिलंय ना, मग घ्या.

मामांची वही परवा बघितली, वाणसामानाच्या हिशोबाच्या मागच्या पानांवर. '६८, ताल बरा. ७०, बरा. ६६, बरा, पाऊस. ७४, मजूर आले नाहीत. ६८, बरा. नाडी बघायची राहिली, छाटणी.'